गणिताच्या वहीत वाक्य का नसतं?

भाऊबिजेला उमरीला जाऊन आलो. (आमची उमरी नांदेड जिल्ह्यातली बरं का. मुदखेडच्या पुढं, धर्माबादच्या अलीकडं. महाराष्ट्रात उमऱ्या पुष्कळ, म्हणून दर वेळी सांगावं लागतं.) खरं तर ताईच्या हातच्या अनारशांबद्दल लिहायचं होतं. पण परतीच्या गाडीत एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली, आणि पुण्यात येऊन पंधरा दिवस झाले तरी ती जात नाही. तेव्हा आज जरा भांडणार आहे. ताई, दाजी, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. रागावू नका. भांडण तुमच्याशी नाही. म्हणजे थोडंसं आहे, पण मुख्य नाही.

भाची यंदा दहावीला आहे. दहावीचं लेकरू म्हणजे घरात ठेवलेला सुतळी बॉम्ब. सगळे लांबून जातात, टीव्हीचा आवाजसुद्धा कमी. मी मामा असल्यामुळं जवळ जाऊन बसलो आणि तिची भूमितीची वही हातात घेतली.

काय वही होती! तपकिरी कव्हर, वर लेबल, आत पट्टीनं आखलेला समास, निळ्या पेननं उदाहरण, काळ्यानं उत्तर, उत्तराला चौकट. आकृत्या अशा की छापल्यासारख्या. प्रत्येक पानाखाली लाल सही. माझ्या दहावीच्या वहीत निम्म्या पानांवर तेलाचे डाग होते, त्यामुळं मला एकदम न्यूनगंड आला :-) मग मी एक पान काढलं. प्रमेय होतं: चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात. म्हणजे वर्तुळावर चार बिंदू घेऊन चौकोन केला, की समोरासमोरच्या दोन कोनांची बेरीज १८० अंश होते. तिनं ते अर्थात इंग्रजीत लिहिलं होतं, कारण ती सेमी इंग्रजीला आहे. गिव्हन, टू प्रूव्ह, प्रूफ. प्रत्येक ओळीआधी तीन ठिपके, कपाळाला टिकली लावावी तसे.

मी विचारलं, "का ग, १८०च का होते?"

"हे काय मामा, खाली प्रूव्ह केलंय की."

"ते बघितलं. पण का?"

ती माझ्याकडं असं बघायला लागली की मामाला पुण्याची हवा बाधली असावी. मग तिनं प्रूफ पहिल्या ओळीपासून म्हणून दाखवलं. एकही शब्द चुकला नाही. पुन्हा विचारलं, "बरं, पण का?" तर गप्प.

तेवढ्यात ताईनं भाकरी टाकली होती ती ताटात आली. मी त्या भाकरीच्या कडेवर शेंगदाण्याचे चार दाणे ठेवले आणि म्हणलं, हा तुझा चौकोन. आता बोल. पाचेक मिनिटं ती भाकरीकडं बघत बसली. (भाकरी गार झाली, ताई ओरडली, ते सोडा.) आणि मग ती बोलली ते मी जसंच्या तसं देतो:

"मामा, हा कोन भाकरीची एवढी कड बघायलाय. समोरचा कोन राहिलेली कड बघायलाय. दोघांनी मिळून आख्खी कड बघितली. आख्खी कड ३६०. कोन कडेच्या निम्मा असतो. म्हणून १८०!"

मी अक्षरशः उठून उभा राहिलो. पुस्तकातल्या सिद्धतेत याहून जास्त काहीही नाही. अंतर्लिखित कोन, आंतरखंडित कंस, एक द्वितीयांश, सगळं यात आलं. मी म्हणलं, आत्ताच्या आत्ता लिही हे. तिनं समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, चार ओळी लिहिल्या. मराठीत. भाकरीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही पुन्हा उघडली तर समास कोरा. खोडरबराचा चुरा अजून पानाच्या खोबणीत होता.

"खोडलंस का ग?"

"समासात काही लिहिलं की वही परत करायला लावतात. आणि मामा, ते काय मॅथ्स नाही. ते तर मराठीत हाय."

ते मॅथ्स नाही, ते मराठीत हाय. हे वाक्य मी मुदखेडपर्यंत चघळलं, मग परभणीपर्यंत, मग झोपच आली नाही.

आता भांडतो.

आपल्या शाळांत गणिताचं लेखन कमी होतं असं मी म्हणत नाही. उलट फार होतं. वर्गपाठ, गृहपाठ, सराव वही, चाचणीची वही, चुकलं तर पाच वेळा लिहा, आणि वही पूर्ण नसेल तर पालकांना घेऊन या. एका वर्षात आमची भाची गणितापायी जेवढी शाई खर्च करते तेवढ्यात एखादी कादंबरी लिहून होईल. पण या सगळ्या शाईत तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. फळ्यावरून वहीत, गाईडातून वहीत, वहीतून पेपरात. याला लेखन म्हणायचं असेल तर झेरॉक्सच्या मशिनलाही लेखक म्हणा.

लेखन म्हणजे काय, हे शाळेबाहेर सगळ्यांना कळतं. कुणाला रागाचं पत्र लिहायला बसा. अर्ध्यात लक्षात येतं की आपला राग त्या माणसावर नाहीच. लिहिताना विचार सापडतो, किंवा विचार नव्हताच हे सापडतं. मी स्वतः हे पान लिहायला घेतलं तेव्हा मला वाटत होतं की माझं भांडण शाळेशी आहे. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत येईतो ते नक्की कुणाशी आहे याची मलाच शंका यायला लागली. हाच तर लिहिण्याचा उपयोग. निबंधात तो चालतो, मग गणितात का नको? गणितात तर 'म्हणून' आणि 'कारण' या दोन शब्दांशिवाय दुसरं आहे काय? आणि नेमके तेच दोन शब्द आपण लेकरांकडून काढून घेतले आणि बदल्यात तीन ठिपके दिले.

आमच्या वेळी (म्हणजे फार पूर्वी नव्हे, पण आता तसं म्हणायचं वय झालं) पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असं सगळं मराठीत लिहायला लागायचं. तेही आम्ही पाठच करायचो, उगाच सोवळं मिरवत नाही. एकदा मी सिद्धतेत स्वतःचं कारण घातलं तर सरांनी 'हे कुठून आणलं?' म्हणून सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवलं होतं आणि वर्ग हसला होता. कारण बरोबर होतं की चूक, हे मला आजतागायत कळलेलं नाही, कारण ते कुणी तपासलंच नाही. हे मुद्दाम सांगतो, म्हणजे 'पूर्वी सगळं कसं छान' असला गळा मी काढतोय असं कुणाला वाटायला नको. पण निदान पान कोरं असायचं. कुठल्या ओळीनंतर कुठली ओळ, एवढं तरी डोक्यात जुळवायला लागायचं.

आता बघा. दहावीचं जे पुस्तक २०१८ साली आलं त्यात हेच चक्रीय चौकोनाचं प्रमेय आहे, आणि त्याची सिद्धता रिकाम्या चौकटींसह छापलेली आहे. चौकटी भरा आणि सिद्धता पूर्ण करा. बोर्डाच्या चाळीस मार्कांच्या पेपरातही 'कृती पूर्ण करा' म्हणून असेच प्रश्न आले. हेतू चांगला असणार, याबद्दल मला शंका नाही. नवीन चालायला लागलेल्या पोराला पांगुळगाडा देतात तसं. पण पांगुळगाडा दहावीच्या परीक्षेपर्यंत पायाखाली ठेवला तर त्याचं काय होतं? पोरं चौकटीचा आकार बघून उत्तर ओळखतात. लहान चौकट असली की अंक, लांब असली की कोनाचं नाव. भाचीनं मला हे गुपित स्वतः सांगितलं, अभिमानानं! सिद्धतेतले 'म्हणून', 'कारण', 'त्याचप्रमाणे' हे शब्द पुस्तकानं आधीच छापलेले. लेकरानं फक्त आकडे ओतायचे. म्हणजे विचार सरकारचा, अंक लेकराचा.

त्यात वर पर्यायी प्रश्न. नांदेड आणि लातूरला क्लासेसच्या पाट्या बघत फिरलात तर सगळीकडं अ, ब, क, ड. सीईटी असो की जेईई, पर्याय निवडायचे. माझं लातूर पॅटर्नशी वैर नाही. आमच्या नात्यातली निम्मी मुलं त्यावरच उभी राहिली. पण जुना लातूर पॅटर्न ज्यांनी पाहिला त्यांना विचारा, त्यात बोर्डाचे पेपर पुन्हा पुन्हा पूर्ण लिहून काढायला लागायचे. हात मोडायचा पण लिहायचे. आता पर्याय निवडायला वाक्य लागत नाही, आणि जे लागत नाही ते शिकवायला वेळ कुणाला आहे?

हे सगळं मी जेवताना दाजींना बोलून दाखवलं. दाजींची मोंढ्यात आडत आहे, माणूस हिशेबाला पक्का. ते म्हणाले, "तुमचं आपलं कायतरीच असतंय. उत्तर बरोबर आलं की झालं. गणितात कशाला निबंध पाहिजे?"

मी म्हणलं, "दाजी, शेतकऱ्याला तुम्ही पट्टी देता. त्यावर नुसता शेवटचा आकडा लिहून दिला तर चालेल का?"

"कसं चालंल? भांडणं होतेत. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, समदं लिवावं लागतंय."

"उत्तर तर बरोबरच असतं ना तुमचं?"

दाजी हसले आणि भाकरी मोडायला लागले. पण मुद्दा त्यांच्याच मोंढ्यातला आहे. बारा क्विंटल चाळीस किलो सोयाबीन, भाव चार हजार दोनशे, झाले बावन्न हजार ऐंशी, त्यातून हमाली, तोलाई वजा. प्रत्येक आकड्याच्या शेजारी एक शब्द असतो म्हणून शेतकरी बोट ठेवून विचारू शकतो, "ही तोलाई एवढी कशी?" नुसत्या आकड्याशी भांडता येत नाही. शब्द असला की भांडता येतं. आमच्या भाचीला तिच्या वहीशी भांडता येत नाही, कारण वहीत भांडायला जागाच नाही, सगळं बरोबर आहे.

आता सेमी इंग्रजीकडं येतो. हे लिहिताना मला आजोबांची वही आठवली, आणि ती आठवली म्हणून तर हे भांडण मला इतकं लागलंय.

आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता, दरबारची भाषा उर्दू. १९१८ ला हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. (उमरी म्हणलं की १९४८ च्याच जानेवारीत इथल्या बँकेवर मुक्तिसंग्रामातल्या लोकांनी घातलेला छापा लोकांना आठवतो. आजोबांकडं त्याचे किस्से भरपूर होते, पण ते पुन्हा कधीतरी.) तर आजोबांना वरच्या वर्गात गणित उर्दूतून. बेरीज म्हणजे जमा, वजाबाकी तफरीक, गुणाकार जर्ब, भागाकार तकसीम. म्हातारपणीसुद्धा किराण्याची यादी करताना तोंडात 'तकसीम' यायचं आणि आम्ही पोरं हसायचो.

त्यांची एक शाळेतली वही ताईच्या घरी ट्रंकेत आहे. पानं पिवळी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. उदाहरणं उर्दूत, उजवीकडून डावीकडं. आणि कडेला, जिथं जागा मिळेल तिथं, मोडीत बारीक काहीतरी खरडलेलं. मोडी त्यांना घरात शिकवलेली. मला मोडी येत नाही. काही वर्षांपूर्वी नांदेडच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून दोन पानं वाचून घेतली होती. मला वाटलं होतं काहीतरी खाजगी असेल, प्रेमबीम. निघालं त्रैराशिक! इतक्या माणसांना काम करायला इतके दिवस, तर तितक्या माणसांना किती, असलं उदाहरण होतं. त्याशेजारी मोडीत लिहिलेलं, काम तेवढेच, गडी वाढले, दिवस कमीच लागणार, म्हणून उलटे करणे.

'म्हणून उलटे करणे.' एका पोरानं, परक्या भाषेतलं गणित समोर असताना, स्वतःला समजावून सांगितलेलं वाक्य. ते मास्तरसाठी नव्हतं. मास्तरला मोडी येत होती की नाही कोण जाणे. मार्कांसाठी नव्हतं. ते वाक्य लिहिलं नसतं तर 'उलटे करणे' कधी आणि सुलटे कधी, हे पाठ करावं लागलं असतं, आणि पाठ केलेलं परीक्षेच्या दिवशी नेमकं उलटं होतं हा सगळ्यांचाच अनुभव.

आणि आता त्याच घरात, त्याच ट्रंकेपासून दहा फुटांवर, त्यांची पणती परक्या भाषेतलं गणित करायलीय आणि तिनं स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या चार ओळी खोडून टाकल्या. निजामाच्या शाळेतल्या पोराला कडेला मराठी लिहायची जेवढी मुभा होती तेवढी स्वतंत्र महाराष्ट्रातल्या पोरीला नाही. हे वाक्य जरा भडक झालं हे मला कळतंय. पण मी ते खोडणार नाही :-)

सेमी इंग्रजी नको असं माझं म्हणणं नाही. पुढं सगळं इंग्रजीत आहे, आईबापांना भीती वाटते, ती खोटी नाही. मी स्वतः पुण्यात कंपनीत दिवसभर इंग्रजीच फाडत असतो. पण इंग्रजीत 'सप्लिमेंटरी' म्हणायला शिकणं वेगळं आणि १८० का होतात हे समजणं वेगळं. पहिली गोष्ट इंग्रजीत व्हायला हरकत नाही. दुसरी ज्या भाषेत भाकरी मागतो त्या भाषेत होते. दोन्हींची गल्लत केली की लेकराला वाटायला लागतं, इंग्रजीत आहे तेवढंच मॅथ्स, बाकी घरचं बोलणं. आणि मग घरचं डोकं घरीच ठेवून ते वर्गात जाऊन बसतं.

भाषा आणि गणित म्हणलं की लोक कशावर पेटतात तेही बघा. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर धुरळा उडाला. मराठी बुडाली इथपासून विधानसभेतल्या कोट्यांपर्यंत सगळं झालं. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर (त्या २०२३ मध्ये गेल्या) शांतपणे सांगत होत्या, की जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही दिलेत. नुकत्याच शिकणाऱ्या लेकरांना जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे शब्द जड जातात एवढाच मुद्दा आहे. ऐकून घ्यायला कोण तयार? आम्हाला उमरीत मात्र यात नवल वाटायला नको होतं. आमच्या भागात तेलुगू बोलणारी घरं पुष्कळ. त्यांच्याकडं एकवीसला 'इरवै ओकटि' म्हणतात, म्हणजे चक्क वीस एक. लहानपणी शेजारच्या तेलुगू पोराबरोबर दुकानात जायचो तेव्हा 'पंचेचाळीस' ऐकून मी चोपन्न लिहायचो, कारण कानावर आधी पाच पडतो. तो त्याच्या भाषेत म्हणायचा आणि बरोबर लिहायचा. मला वाटायचं तो हुशार आहे. हुशार होताच, पण मुख्य म्हणजे त्याच्या तोंडाचा आणि हाताचा क्रम एकच होता.

त्या सगळ्या गदारोळात म्हणायचं कसं यावर महिनाभर भांडलो आपण. पण दुसरीतल्या पोराला पंचेचाळीस म्हणजे काय ते तुझ्या शब्दांत लिही, चित्र काढ, काहीही कर, असं किती वर्गांत सांगितलं जातं यावर एक दिवसही नाही.

लोक म्हणतील, रामानुजन कुठं वाक्यं लिहीत होते? खरंय. कागद परवडत नव्हता म्हणून ते पाटीवर करायचे, कोपरानं पुसायचे आणि वहीत फक्त निष्कर्ष उतरवायचे. पण त्याची किंमत बघा. त्या वह्यांतल्या विधानांच्या सिद्धता गोळा करून मांडायला ब्रूस बर्न्ट यांना पाच खंड लागले, पहिला १९८५ ला आला आणि पाचवा १९९८ ला. रामानुजन असाल तर तुमच्यामागं असं कुणीतरी येईल. आपल्या पोरांनी पाटी पुसली की ती पुसलीच.

शिक्षक म्हणतील (माझ्या दोन मावसबहिणी शिक्षिका आहेत, त्यांचा फोन येणारच आहे), "एका वर्गात साठ-सत्तर मुलं, त्यात खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम. प्रत्येकाचं वाक्य कोण वाचणार?" हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. सगळी वाचू नका. मार्क तर अजिबात देऊ नका; मार्क दिले की त्याचंही गाईड निघेल, 'अपेक्षित वाक्ये' म्हणून, आणि पोरं तीही पाठ करतील. ज्या मुलाची भाषा कच्ची पण डोकं गणितात चालतं, त्याचेही मार्क उगाच जातील. रोज पाचच वह्या उघडा, समासात डोकावा, आणि सही करू नका. आणि तेही जमत नसेल तर एकच करा: समासातलं खोडायला लावू नका. याला तर वेळ लागत नाही ना?

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत जोन कंट्रीमन नावाच्या गणिताच्या शिक्षिकेनं १९९२ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं, मुलांना गणिताची रोजनिशी लिहायला लावण्याबद्दल. आपल्याकडंही २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात गणिताचं मोठं उद्दिष्ट काय, तर मुलाच्या विचाराचं गणितीकरण, असं लिहून ठेवलंय. विचाराचं! आता विचार आधी कुठं दिसायला तर पाहिजे.

ताईला मला एवढंच विचारायचंय. पोरगी चार वर्षांची असताना आपण सगळे तिला बासरला घेऊन गेलो होतो. धर्माबादच्या पुढचंच स्टेशन, गोदावरीच्या काठी सरस्वतीचं देऊळ, आपल्याकडची किती लेकरं पहिलं अक्षर तिथं गिरवतात. तिच्या हाताला धरून पाटीवर लिहिलं तेव्हा तू रडली होतीस, मी फोटो काढत होतो. एवढा सोहळा कशासाठी केला? दुसऱ्याचं उतरवून काढायला?

आणि दाजी, दहावीनंतर तिला मॅथ्स सोडायला लावून नुसता बायोचा ग्रुप द्यायचं तुम्ही जवळजवळ ठरवलंय. "तिला गणितात गती नाही," असं तुम्ही तिच्यादेखत म्हणालात. डॉक्टर व्हायचं असेल तर खुशाल होऊ दे, मला आनंदच आहे. पण गती नाही म्हणून नको. जी पोरगी भाकरीवर शेंगदाणे ठेवून पाच मिनिटांत वर्तुळाचं प्रमेय स्वतःच्या भाषेत सांगते तिला गती नाही, तर मग आहे कुणाला? तुमच्या हातात तिचे मार्क आले, ती भाकरी आली नाही.

निघताना मी तिला एक शंभर पानी वही दिली. कव्हर नाही, लेबल नाही, समाससुद्धा आखायचा नाही. ही कुणाला दाखवायची नाही, शाळेत न्यायची नाही, यात फक्त 'का' लिहायचं, मराठीत, आपल्या उमरीच्या मराठीत, चुकलं तरी खोडायचं नाही. ती हो म्हणाली. मामाचं मन राखायला म्हणाली असंच मी धरून चाललो होतो.

गेल्या रविवारी मोबाइलवर तिचा फोटो आला. त्या वहीचं पान. त्रिकोणमितीतलं उदाहरण: खांब तोच, सावली लांबली, तर सूर्याच्या उन्नत कोनाचं काय झालं? खाली तिचं वाक्य: "सावली वाढली म्हणजे कोन पण वाढला असणार, कारण सगळंच वाढायलंय."

चूक. पण काय सुरेख चूक! नुसतं उत्तर आलं असतं तर मी सूत्र तपासत बसलो असतो, साइन का कोसाइन. इथं चूक कुठं आहे ते उघडं पडलेलं. तिला वाटतंय एक वाढलं की सगळं वाढतं. मी फोन केला आणि म्हणलं, काही सांगत नाही, संध्याकाळी पाचला गच्चीवर जा आणि समोरच्या लायटीच्या खांबाची सावली बघून ये.

सव्वापाचला फोन.

"मामा, सूर्य खाली आलाय की! म्हणून सावली लांब. कोन तर लहान झाला."

"बरोबर."

"मग ते आधीचं खोडू का?"

"नको. त्याच्या खाली लिही."